टेबलाखालचा पाय

पहिल्या सामन्यात योगीराजचा डावा पाय टेबलाच्या फळीवर आपटला, तेव्हा काचेपलीकडे ध्वनियंत्रणा सांभाळत बसलेल्या नागराजला वाटलं, वरच्या मजल्यावर कुणीतरी कपाट सरकवलं असावं. तोच आवाज पुन्हा आला तेव्हा त्याने माईकच्या तारा तपासल्या. आणखी एकदा आला, तेव्हा मात्र तो खुर्चीतून उठला आणि काचेला नाक लावून खाली पाहू लागला. समालोचकांच्या जोडीतला तो उंच, खांद्यांत किंचित वाकलेला माणूस अत्यंत शांत चेहऱ्याने बोलत होता, आणि टेबलाखाली त्याचा डावा पाय, त्याचा नसल्यासारखा, बाहेरच्या बाजूला फेकला जात होता.

सामना रांचीत चालला होता. त्याचं चित्र बेंगळुरूच्या मारतहळ्ळीत, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर येत होतं. तिथे एकाच बोळात भाषांच्या खोल्या होत्या. हिंदीची मोठी, कन्नडची आणि तमिळची मध्यम, आणि टोकाला, पूर्वी जिथे मोडक्या खुर्च्या ठेवत असत तिथे, मराठीची. खोल्यांना खिडक्या नव्हत्या. बाहेर ऊन असो वा पाऊस, आत वर्षभर एकच ऋतू असे आणि तो स्वेटर घालण्याचा असे. यंदा पुण्याचा संघ हॉकीच्या लीगमध्ये आला म्हणून वाहिनीने मराठी समालोचन सुरू केलं होतं. त्यासाठी त्यांना असा माणूस हवा होता, जो देशाकडून खेळलेला आहे, मराठी बोलतो आणि बेंगळुरूत राहतो. पुष्कळ शोधाशोध केल्यावर असा माणूस एकच निघाला.

योगीराज हलगेकर मूळचा बेळगावजवळच्या एका खेड्यातला. कोवळ्या वयात खेळाडूंच्या वसतिगृहात आला आणि मग याच शहराचा होऊन राहिला. तो गोलरक्षक होता. संघातल्या इतरांची आयुष्यं धावण्यात गेली. त्याचं आयुष्य वाट पाहण्यात गेलं. सामन्याचा बराचसा वेळ तो गोलच्या चौकटीसमोर उभा राहून दूरवरचा खेळ पाहत असे, ओरडून बचावपटूंना जागा सांगत असे, आणि मग एखाद्या क्षणापुरता सगळा सामना त्याच्या अंगावर चालून येई. त्या क्षणासाठी त्याने आपलं शरीर घडवलं, आणि त्या क्षणालाच ते हळूहळू देऊन टाकलं. निवृत्त झाला तेव्हा उजवा खुबा झिजला होता, बोटं पुरती सरळ होत नव्हती, आणि सकाळी अंथरुणातून उठताना त्याला आधी एका कुशीवर होऊन थोडा विचार करावा लागे.

काही महिने तो होसकोट्याला, घराजवळच्या एका अकादमीत, मुलांना गोलरक्षण शिकवायला गेला. पण हे शिकवणं नुसतं सांगून होत नाही, पडून दाखवावं लागतं. तो पडत असे. उठायला वेळ लागे. तेवढा वेळ मुलं आदराने दुसरीकडे पाहत उभी राहत. त्या आदराने त्याला जेवढं थकवलं, तेवढं कुठल्याच सामन्याने थकवलं नव्हतं.

म्हणून वाहिनीचा फोन आला तेव्हा तो बायकोला म्हणाला होता, "बघ वीणा, हे एकच काम असं आहे, ज्याला शरीर लागत नाही. बसून बोलायचं."

"तुम्ही? बोलायचं?" वीणा हसली होती. ती निपाणीची. "मला बघायला आलात तेव्हा सगळं तुमचे मामाच बोलले की. मला वाटलं, नवरा मुलगा तेच."

त्या पहिल्या सामन्यानंतर नागराज दार उघडून आत आला. "सर," तो कन्नडमध्ये संकोचून म्हणाला, "निम्म कालु... स्वल्प..." आणि पुढचं बोलण्याऐवजी त्याने स्वतःचा पाय हवेत झटकून दाखवला.

"माझा पाय?" योगीराजने विचारलं. "काय केलं त्यानं?"

त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं.

क्षमाला मात्र त्याची गंमत वाटली नाही. ती या मराठी समालोचनाची निर्माती. मुंबईहून इथे आलेली, चपळ, सतत कानात कुणाचा तरी आवाज घेऊन फिरणारी. "योगी सर, तुमचं अ‍ॅनालिसिस एकदम फ्रेश आहे, खरंच," ती म्हणाली. "पण प्रत्येक शॉटला मागून कुणीतरी दार ठोठावल्यासारखं येतंय. मुंबईच्या ऑफिसातले लोक ऐकतात हो हे. हा सीझन म्हणजे ट्रायल आहे, मी लपवलं नव्हतं तुमच्यापासून. सीझन संपला की ठरणार कुणाला ठेवायचं. मला तुम्ही हवे आहात. पाय नकोय."

"सरी," योगीराज म्हणाला. इतक्या वर्षांत होकाराला त्याच्या तोंडी हाच शब्द बसला होता.

पण पाय त्याचं ऐकेना. दुसऱ्या सामन्यात त्याने गुडघे एकमेकांना चिकटवून पाहिले. मग पाय खुर्चीखाली दुमडून बसला. एकदा तर त्याने पावलावर दप्तर ठेवलं. पहिल्याच फटक्याला ते शेजारच्या समालोचकाच्या, शुभंकरच्या, मांडीवर जाऊन पडलं. पायाचा हट्ट विलक्षण होता. सरावाची दृश्यं दाखवत असले तर तो निवांत असे. झालेला गोल पुन्हा संथ गतीने दाखवला तरी तो हलत नसे. पायाला ताजं आणि शिळं कळत होतं. जिवंत चेंडू गोलच्या दिशेने सुटला रे सुटला, की योगीराजच्या मनात काही उमटण्याआधीच तो आपल्या कामाला निघालेला असे, शेकडो कोसांवरच्या गोलचं रक्षण करायला, जिथे त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

शेवटी नागराजने कुठूनतरी जुन्या गादीचा स्पंज आणला आणि टेबलाच्या फळीला आतून जाड थर चिकटवला. आवाज दबला. क्षमाने काचेपलीकडून अंगठा दाखवला. पाय तसाच चालू राहिला, पण आता तो नि:शब्द चालू राहिला, आणि योगीराजला वाटलं, आपलं निभावलं.

त्या खोलीत आणखी एक माणूस होता. शुभंकर पुण्याचा, दिवसा सर्जापूर रोडवरच्या एका कंपनीत संगणकासमोर बसे आणि संध्याकाळी इथे येई. त्याचा आवाज असा होता की त्याने बसचं वेळापत्रक वाचलं तरी ऐकत राहावं. पण त्याचा पिंड क्रिकेटचा. हॉकीचा चेंडू त्याच्या डोळ्यांना सापडत नसे. लहान पडद्यावर काठ्यांची गर्दी होई, एक पांढरा ठिपका कुठेतरी लुप्त होई, आणि तो दिसेपर्यंत लोक एकमेकांना मिठ्या मारत असत. पहिल्या काही सामन्यांत शुभंकरचा आवाज नेहमीच लग्नाला उशिरा पोहोचलेल्या पाहुण्यासारखा येई.

आणि मग तो वेळेवर येऊ लागला. चेंडू सुटतो न सुटतो तोच शुभंकर म्हणे, "डावीकडे!" आणि चेंडू डावीकडेच जाई. "बाहेर, बाहेर चाललाय!" आणि तो बाहेर जाई. क्षमा खूश झाली. मुंबईहूनही कुणीतरी कौतुक कळवलं. योगीराजने त्याला एकदा इमारतीखालच्या चहाच्या टपरीवर मनापासून शाबासकी दिली, तेव्हा शुभंकर चहाच्या पेल्यात पाहत राहिला.

"सर, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"सांग की."

"मी चेंडू बघतच नाही."

"मग?"

"तुमचा पाय बघतो." तो घाईघाईने पुढे म्हणाला, "तो आधी हलतो, सर. शॉटच्या आधी. डावीकडे असेल तर तुमचा पाय डावीकडे जातो. उजवीकडे असेल तर तुमची डावी टाच जमिनीत रुतते, ढकलल्यासारखी. बाहेर जाणार असेल तर पाय ढिम्म. आणि फळीपर्यंत पोहोचला ना, की समजायचं, आपल्या गोलकीपरने, मल्हारने अडवला."

समोर रिंग रोडवरून गाड्यांची रांग इंच इंच सरकत होती आणि प्रत्येक गाडीत एक दमलेला चेहरा मोबाइलच्या उजेडात दिसत होता.

"चुकीचं आहे का हे, सर?"

"चुकीचं काय त्यात," योगीराज म्हणाला. "एवढी वर्षं मी बचावपटूंना बोंबलून सांगायचो, माझ्याकडं बघा, माझ्याकडं बघा. एकजण वळून बघेल तर शपथ." आणि तो हसला. शुभंकरने त्याला हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

मनातून त्याला बरंच वाटलं होतं. तो टेबलाखाली जे करत होता, त्याला एक साक्षीदार मिळाला होता. पडद्यावर पुण्याच्या गोलमध्ये मल्हार उभा असे. राष्ट्रीय शिबिरात वर्षानुवर्षं योगीराजच्या मागे, राखीव गोलरक्षकांच्या बाकावर बसलेला मल्हार. तो बाकावर बसून शिकला, म्हणजे योगीराजला पाहून शिकला. त्यामुळे दोघांचे पाय बहुतेक वेळा एकाच वेळी उचलले जात. एक रांचीत, हजारो लोकांपुढे. दुसरा मारतहळ्ळीत, गादीच्या स्पंजापुढे. संध्याकाळी बसने होसकोट्याला परतताना योगीराज कधी कधी डाव्या पोटरीवर हात फिरवी, दिवसभर काम करून आलेल्या बैलाच्या पाठीवर फिरवावा तसा.

भोपाळविरुद्धचा सामना बरोबरीत होता आणि संपत आला होता. भोपाळला पेनल्टी कॉर्नर मिळाला. गोलरेषेवरून चेंडू बाहेर दिला जातो, एकजण तो थांबवतो आणि तिसरा तो काठीवर ओढून घेऊन गोलमध्ये फेकतो; हे सगळं एका श्वासात होतं. शुभंकरची नजर पडद्यावर नव्हती. योगीराजची पडद्यावरच होती. त्याने भोपाळच्या खेळाडूला वाकताना पाहिलं, आणि डावा पाय निघाला. लांब, स्वच्छ, पूर्ण ताणलेला. तो स्पंजापर्यंत पोहोचला, स्पंज दाबून फळीपर्यंत पोहोचला, आणि त्याच वेळी रांचीतल्या गोलमधली, जाळीच्या तळाशी असलेली फळी चेंडू आदळून खाडकन वाजली.

"अडवला!" शुभंकर गर्जला. "मल्हारने अडवला! काय पाय टाकलाय! काय पाय टाकलाय, मल्हार!"

पडद्यावर भोपाळचे खेळाडू एकमेकांवर उड्या घेत होते. मल्हार उजवीकडे पडला होता. चेंडू डावीकडच्या कोपऱ्यात जाळीला टेकून स्वस्थ होता.

माईक बंद करण्यासाठी टेबलावर एक बटण असे. खोकला आला तर दाबायचं. शुभंकरने ते दाबलं आणि दाबूनच ठेवलं. मग योगीराजने आपला माईक जवळ ओढला आणि म्हणाला, "गोल झाला आहे. पुणे हरलं, असं म्हणायला हरकत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो तुकडा महाराष्ट्रभर फिरला. मल्हार उजवीकडे झेपावतो, चेंडू डावीकडून आत जातो आणि त्यावर तो सुंदर, भरदार आवाज: काय पाय टाकलाय! लोकांनी त्याला ढोल लावले. कुणी मांजराच्या चित्रफितीला तो आवाज जोडला, कुणी घसरून पडणाऱ्या नवरदेवाला.

क्षमाने दोघांना बोलावलं. शुभंकरने सगळं सांगितलं. पायाचं, टाचेचं, फळीचं. ती आधी हसली. हसताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने डोळे पुसले आणि ती बराच वेळ हसली नाही.

"म्हणजे कॉमेंट्री पाय करत होता," ती म्हणाली. "शुभंकर, तुझं मी बघते, तुझ्या आवाजासाठी ते काहीही माफ करतील. योगी सर, तुमचं कठीण आहे. मुंबईचे म्हणतायत, प्रेक्षकांना आमच्या माणसाने कुठला सामना दाखवला? आता एकच मॅच उरलीय पुण्याची. त्यात तो पाय हलला, अगदी आवाज न करता हलला, तरी मी काही करू शकणार नाही. नागराज कॅमेरा लावणार आहे खाली. सॉरी."

"सरी," योगीराज म्हणाला.

संध्याकाळी मल्हारचा फोन आला. योगीराज गच्चीवर होता. खाली औद्योगिक वसाहतीतल्या गोदामांचे दिवे एकेक करून लागत होते.

"अण्णा, क्लिप बघितली."

"बघणारच की तू."

"आधी हसलो. आई शप्पथ, हसलो. ड्रेसिंग रूममध्ये सगळे तेच म्हणून दाखवतायत, काय पाय टाकलाय." मागे दार लावून घेतल्याचा आवाज आला. "मग शुभंकरने मला खरं काय ते सांगितलं. अण्णा, तुमचा पाय डावीकडे गेला होता?"

"हो."

"म्हणजे तुम्ही असता तर अडवला असता."

योगीराज गच्चीच्या कठड्याला टेकला. खोटं बोलणं सोपं होतं आणि दयाळूपणाचंही होतं. पण मल्हार गोलरक्षक होता, आणि गोलरक्षकाला खोट्या दयेचा उपयोग नसतो. "मल्हार, टेबलाखाली कुणी चेंडू मारत नाही रे," तो म्हणाला. "तिथं मी आयुष्यभर अडवीन."

"पण तुम्हाला कळलं कसं? मी शंभर वेळा बघितला तो शॉट. मला अजून उजवीकडेच वाटतो."

"मला कळलं नव्हतं. पायाला कळलं."

"पायाला विचारून सांगा मग," मल्हार म्हणाला. तो हसत नव्हता. "अण्णा, शेवटची मॅच आहे. हरलो तर मला पुढच्या वर्षी कोण घेतंय?"

फोन ठेवल्यावर योगीराजने तो तुकडा उघडला. आवाज बंद करून तो पुन्हा पुन्हा पाहू लागला. शिळ्या चित्राला पाय प्रतिसाद देत नव्हता, त्यामुळे पायाला विचारण्याची सोय नव्हती. त्याला स्वतःलाच पाहावं लागत होतं. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच अशा फटक्याकडे दुसऱ्याच्या डोळ्यांनी, बाहेरून, पाहत होता. खांदे उजवीकडे सांगत होते. काठी उजवीकडे सांगत होती. सगळं अंग खोटं बोलत होतं. आणि मग त्याला ते दिसलं. चेंडू सुटण्याआधी, पुढच्या पावलाची टाच किंचित, अगदी दाराची कडी सरकावी इतकीच, फिरली होती. माणूस खांद्याने फसवू शकतो. ज्या पावलावर सगळा भार आहे त्याने फसवता येत नाही. हे आपल्याला माहीत होतं, त्याला वाटलं. माहीत होतं, पण मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

त्याने मल्हारला फोन केला आणि सांगितलं. सांगायला फार थोडे शब्द लागले. बोलून झाल्यावर त्याला एक चमत्कारिक रितेपण जाणवलं, जणू खिशात वर्षानुवर्षं बाळगलेला, हात घातला की बोटांना लागणारा एखादा गुळगुळीत दगड त्याने काढून कुणाच्या हातावर ठेवला होता.

सामन्याच्या दिवशी वीणा गच्चीवर त्याच्या जुन्या सामानाशी झटत होती. गोलरक्षकाचं सामान घरात ठेवता येत नाही. कितीही ऊन दाखवा, त्याचा वास जात नाही. म्हणून ती भली मोठी पिशवी पाण्याच्या टाकीमागे पडलेली असे. तिने नाकाला पदर लावून पायाच्या पॅडचा एक पट्टा सोडवला आणि त्याच्या हाती दिला.

"हा घट्ट बसेल. खुर्चीच्या पायाला बांधा."

"वास येईल गं."

"येऊ दे. टीव्हीवर वास जात नाही." तिने तो परत घेतला आणि ती खाली बसून त्याची कडी फडक्याने पुसू लागली. "त्या क्षमाबाईंना पहिल्याच सामन्याला तक्रार सुचली. मी बारा वर्षं लाथा खाते आहे झोपेत. मी कुणाकडं गेले का सांगायला?"

"झोपेतसुद्धा मारतो?"

"मग काय तर. सामना असला की दोन जास्त." तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तिचा आवाज बदलला. "अहो, नसेल जमत तर सोडून द्या. काहीतरी बघू."

"काहीतरी म्हणजे काय?"

वीणाने पुसलेली कडी पुन्हा पुसायला घेतली.

शेवटचा सामना कोइंबतूरशी होता. नागराजने टेबलाखाली छोटा कॅमेरा लावला होता आणि लावताना त्याने दोनदा माफी मागितली. योगीराजने पोटरीभोवती पट्टा आवळला, खुर्चीच्या लोखंडी पायाला अडकवला, ओढून पाहिला. ती ओळखीची पकड होती. एकेकाळी हाच पट्टा आवळला की बाहेरचं जग पुसट होई आणि समोरचं मैदान धारदार होई. आज तो आवळून तो एका खुर्चीला बांधला गेला होता.

"ऑल द बेस्ट, सर," शुभंकर कुजबुजला. सवयीने त्याची नजर खाली गेली आणि पट्ट्यावर थबकली. "मी आता काय बघू?"

"चेंडू बघ."

"दिसत नाही हो."

"मग मला ऐक."

सामना कंटाळवाणा सुरू झाला. पुण्याने एक गोल केला, कोइंबतूरने फेडला. त्या गोलच्या वेळी पट्ट्याला एक हिसका बसला, खुर्ची करकरली, आणि काचेपलीकडे क्षमाने मान वर केली. योगीराजने डोळे मिटून उघडले. मांडी आतून थरथरत होती. आणखी एकदा असं झालं तर सगळं संपेल, हे त्याला ठाऊक होतं, आणि हेही ठाऊक होतं की पायाला ते सांगून उपयोग नाही.

अखेरच्या टप्प्यात कोइंबतूरला पेनल्टी कॉर्नर मिळाला. मल्हारने हेल्मेट चढवलं. बचावपटू मुखवटे लावून गोलरेषेवर उभे राहिले. आणि योगीराज बोलू लागला.

"आता आपण चेंडूकडे पाहायचं नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज हळू होता, घरातल्या माणसाशी बोलावं तसा. "फटका मारणाऱ्याच्या खांद्यांकडे तर मुळीच नाही. ते आपल्याला उजवीकडे नेतील. त्याचं पुढचं पाऊल बघा. त्याची टाच. ती ज्या बाजूला उघडेल, त्या बाजूला चेंडू येईल. गोलरक्षकाला त्या टाचेचीच काय ती सोबत असते."

चेंडू बाहेर आला, थांबला, ओढला गेला. "टाच पाहा," योगीराज म्हणाला, "डावीकडे," आणि मल्हार डावीकडे निघाला, लांब, पूर्ण ताणलेला, आणि चेंडू त्याच्या पॅडवर आदळून आडवा बाहेर गेला.

"अडवला," योगीराज म्हणाला. शुभंकरने तोंड उघडलं होतं. त्याने ते मिटलं.

सामना बरोबरीत सुटला. पुण्याला तेवढं पुरेसं नव्हतं. पुणे स्पर्धेतून बाहेर पडलं. पण पडद्यावर मल्हार कॅमेऱ्यासमोर आला आणि त्याने, कुणालाच कळू नये अशा बेताने, आपल्या पुढच्या पावलाच्या टाचेला बोट लावलं.

क्षमा दार ढकलून आत आली. तिच्या एका कानात अजून कुणीतरी बोलत होतं. "योगी सर! मुंबईहून आत्ता मेसेज आलाय. ते टाचेचं काय बोललात तुम्ही, ते म्हणतात, असं कुणी बोलतच नाही. पुढच्या सीझनला तुम्ही नक्की. लेखी येईल. आणि पाय," तिने दोन्ही हात पसरले, "तो एक सुरुवातीचा धक्का सोडला तर नागराज म्हणतो, पाय अगदी शहाण्यासारखा."

"सरी," योगीराज म्हणाला. "थँक यू."

ती गेल्यावर शुभंकर हळूच म्हणाला, "सर, त्या शेवटच्या कॉर्नरला मी खाली बघितलं. राहवलं नाही."

"मग?"

"काही नव्हतं. पट्टा ओढलापण गेला नाही. तुम्ही दाबून धरला होता ना?"

योगीराजने टेबलाखाली पाहिलं. तो वाकला, खुबा दुखला. पट्टा केव्हाच सैल होऊन घोट्यावर घसरला होता. त्याला तो सोडवावाही लागला नाही, पाय तसाच त्यातून बाहेर आला. त्याने पाय दाबून धरला नव्हता. तो बोलत होता आणि बोलताना त्याने पायाचा विचारही केला नव्हता, आणि पायाने, बहुधा पहिल्यांदाच, त्याची वाट पाहिली होती. सांगून झाल्यावर करण्यासारखं पायाला काही उरलं नव्हतं.

त्याने पट्ट्याची गुंडाळी करून खिशात ठेवली. बसमध्ये त्याला बसायला जागा मिळाली आणि होसकोट्यापर्यंत तो खिडकीबाहेर पाहत राहिला.

सकाळी तो उठला तेव्हा वीणा आधीच उठून पलंगाच्या कडेला बसली होती. चहा ठेवला नव्हता. केस सोडलेले, चेहरा जागरणाने ओढलेला.

"बरं नाही का?" त्याने विचारलं.

"झोप नाही लागली."

"मी लाथा मारल्या? काल सामना होता."

"नाही," वीणा म्हणाली. तिने चादरीवरून हात फिरवत त्याच्या डाव्या पायावर ठेवला, ताप आहे का पाहावं तसा. "एकदाही नाही. तेवढ्यासाठीच तर जागी होते. मध्येच वाटलं, हा माणूस आहे का गेला. नाकाशी हात धरून बघितला."

योगीराज छताकडे पाहत पडून राहिला. खाली कुणीतरी पाण्याचा पंप सुरू केला. वीणाने हात काढला नाही, आणि तिच्या हाताखाली पाय गरम होता, जड होता, आणि स्वस्थ होता.

"नोकरी पक्की झाली," तो म्हणाला.

"होणारच. ऐकलं मी काल टीव्हीवर," वीणा म्हणाली. "छान बोललात."